नोएल लामचे पणजोबा

"तुम्ही मूळचे कुठले?" असं कुणी विचारलं की नोएल लाम आधी एक लांबलचक उसासा टाकायचा आणि आमच्याच उपनगराचं नाव सांगायचा, "डँडेनॉन्ग." समोरचा माणूस हसून, "नाही नाही, म्हणजे खरे कुठले?" असं विचारणार, हे त्याला आयुष्यभराच्या अनुभवाने ठाऊक होतं. त्याने तसं विचारलं की नोएल गंभीर चेहरा करून म्हणायचा, "डँडेनॉन्ग नॉर्थ."

हा विनोद मी इतक्या वेळा ऐकला की पुढेपुढे मला हसू यायचंच बंद झालं. त्यामागे एक भोक होतं आणि नोएल ते विनोदाने बुजवत होता, हे मला फार उशिरा कळलं.

आम्ही त्याच्या शेजारी राहायला गेलो त्या पहिल्याच आठवड्यात मिलिंद, म्हणजे माझा नवरा, कचऱ्याचा भलताच डबा रस्त्यावर ठेवून आला. शेजारच्या घरातून हाफ पँट घातलेला, पांढऱ्या केसांचा एक चिनी म्हातारा सपाता फटफटवत आला. हा आता काहीतरी खुणांनी सांगेल म्हणून आम्ही डोळे ताणून उभे. तर म्हातारा म्हणाला, "गडाय मेट! राँग बिन. ग्रीन वन दिस वीक. नो वरीज, आय'ल गिव्ह यू अ हँड." आवाज असा, की डोळे मिटले असते तर घोड्यावर बसून मेंढ्या हाकणारा कुणी गोरा गडी समोर आहे असं वाटलं असतं. मी आणि मिलिंद एकमेकांकडे बघतच राहिलो. त्याच्याबाबतीत माझा गोंधळ उडायला सुरुवात झाली ती तिथून, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता निवळलेला नाही.

मिलिंदने आपल्या सवयीने त्याला 'अंकल' म्हटलं तर तो खवळला. "आय'म नोबडीज अंकल, मेट. नोएल." मला त्याने दीप्ती म्हणून कधी हाक मारलीच नाही. मी दीप्स. त्याच्या चार पिढ्या ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या. पणजोबा चीनच्या दक्षिण टोकाच्या कुठल्याशा खेड्यातून सोन्याच्या खाणींसाठी इथे आले, आजोबांनी भाजीचे मळे केले, वडिलांनी भाजीचं दुकान चालवलं आणि नोएलने जन्मभर ट्रकांचे ब्रेक दुरुस्त केले. चिनी भाषेतले त्याला येत होते ते फक्त खाण्याचे शब्द, तेही आजीने ताटात वाढताना उच्चारलेले. चॉपस्टिक्स मात्र तो बायकोकडून शिकला होता. बायको मॉरीन, आयरिश वळणाची, लालभडक केसांची.

या दोघांकडे वर्षातून एक दिवस असायचा, त्याला ते 'ग्रेव्ह डे' म्हणायचे. चिनी लोकांत एप्रिलच्या सुरुवातीला पूर्वजांच्या थडग्यावर जाऊन झाडलोट करतात, खायचं-प्यायचं ठेवतात, कागद जाळतात. आपल्या पितृपक्षाचं भावंडच म्हणा, फक्त सुतकी चेहरे नाहीत. आम्ही आलो त्या वर्षी मॉरीनने आम्हालाही गाडीत कोंबलं. बॅलरॅटच्याही पुढे एक लहानसं गाव, गावाबाहेर दफनभूमी, आणि तिच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, युकॅलिप्टसच्या झाडांखाली, चिनी खाणकामगारांची थडगी. बहुतेक दगड पडलेले, फुटलेले. त्यातला एक उभा होता. "मीट माय ग्रेट-ग्रँडपा," नोएल म्हणाला.

आजोबांनी वडिलांना तो दगड दाखवला होता आणि वडिलांनी नोएलला. दगडावर उभ्या ओळींत चिनी अक्षरं होती, आणि ती घरात कुणालाच वाचता येत नव्हती. वाचायची गरज कुणाला पडली नव्हती. आपल्या घरच्या माणसाच्या दारावरची पाटी कोण वाचतं? मॉरीनने गवत उपटलं, स्प्रिंगव्हेलहून आणलेलं भाजलेलं डुकराचं मांस दगडापुढे मांडलं, शेजारी टोमॅटो सॉसची बाटली. चहा किंवा दारू ओतायची असते म्हणे, नोएल बीअर ओतायचा. मग टोपी काढून, तीनदा वाकून, तो पणजोबांना फुटीचा, म्हणजे इथल्या फुटबॉलचा, हंगाम सांगायला लागला. आपल्या टीमचा कोण खेळाडू गुडघा धरून बसलाय, कोच किती गाढव आहे, यंदा तरी फायनलचं तोंड दिसेल का. मिलिंदने माझ्या कानात विचारलं, "हे चिनी पद्धतीत आहे?" मी म्हटलं, "गप बस."

परतताना मॉरीन मला सहज म्हणाली, "मी गेले ना, की मला इथेच ठेव असं मी याला सांगून ठेवलंय. माझ्या घरच्यांनी मी चिन्याशी लग्न केलं म्हणून माझं तोंड बघितलं नाही. माझी आई गेली तेव्हा मला चर्चच्या दारातून परत पाठवलं. याच्या पणजोबांनी मात्र कधी नाक मुरडलं नाही." आणि खो खो हसली. "ही'ज द ओन्ली इन-लॉ आय एव्हर लाइक्ड."

तिला कॅन्सर झाला आणि तो झपाट्याने वाढला. पुढच्या ग्रेव्ह डेला आम्ही गेलो तेव्हा ती एका डब्यात होती. नोएलने कुणाची परवानगी वगैरे काढली नाही. दगडाच्या पायाशी त्याने बागेतल्या खुरप्याने एक खड्डा केला, डबा उघडला आणि राख सरळ मातीत ओतली. माती लोटून वर हात फिरवत म्हणाला, "देअर यू गो, लव्ह. यू'र विथ फॅमिली." त्या दिवशी तो फुटीबद्दल एक अक्षर बोलला नाही.

त्यानंतर त्याला मुळं शोधायचं वेड लागलं. लेक पर्थला, घर रिकामं. त्याचं म्हणणं असं, की मॉरीनला मी लाम घराण्यात ठेवून आलोय, तर हे घराणं आहे तरी कुठलं ते तिला सांगायला नको? मी म्हटलं, "आमच्याकडे म्हणतात, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये." त्याने विचारलं, "व्हाय नॉट?" मला सांगता येईना. आपल्या म्हणींचं असंच असतं, आपण त्या फेकतो आणि समोरच्याने झेलल्या की पंचाईत.

रविवारी सकाळी तो आमच्याकडे चहाला यायचा आणि ओट्यावरच्या भाज्यांनी लाम कुळाचा इतिहास मांडायचा. लिंबू म्हणजे उत्तर चीन, जिथे हे आडनाव म्हणे जन्मलं. तिथे लढाया पेटल्या म्हणून मंडळी खाली सरकली, समुद्रकाठच्या फुजियानला. ती सिमला मिरची. तिथून पिढ्यान्‌पिढ्यांनी अजून खाली, ग्वांगडाँगला, तो कांदा. आणि कांद्यावरून जहाजात बसून इथे, 'नव्या सोन्याच्या डोंगरावर'. ऑस्ट्रेलियाचं तिकडच्या लोकांनी पाडलेलं नाव ते. सोन्याचा डोंगर म्हणजे आमचा बटाटा. हे सगळं ठीक. पण पुढच्या रविवारी लिंबू कांद्याच्या जागी असायचं आणि सिमला मिरची गायब. "मी वेगळी वेबसाइट वाचली," तो म्हणायचा. त्याच्या पुढच्या रविवारी दोन मिरच्या, कारण लाम दोन प्रकारचे निघाले होते आणि आपण कुठले ते ठरत नव्हतं. मिलिंद सॉफ्टवेअरवाला, त्याने हौसेने लॅपटॉपवर तक्ता करायला घेतला आणि महिन्याभरात हात टेकले. मला तर भाजी चिरताना आपण फुजियान चिरतोय की काय असं वाटायला लागलं.

शेवटी तो शहरात, चायनाटाउनमधल्या एका गल्लीत, लाम आडनावाच्या लोकांचा जुना हॉल आहे तिथे जाऊन थडकला. मला बरोबर नेलं, कारण एकट्याने जायची त्याला लाज वाटत होती. अरुंद जिना, वर उदबत्त्यांचा धूर, भिंतीवर पूर्वजांच्या पाट्या आणि टेबलाभोवती पत्ते खेळणारे म्हातारे. नोएलने आपलं नाव सांगितलं. एका म्हाताऱ्याने आपुलकीने विचारलं, "कितवी पिढी?"

"फोर्थ," नोएल छाती काढून म्हणाला.

सगळे पत्ते खाली ठेवून त्याच्याकडे बघायला लागले. ऑस्ट्रेलियात चौथी, असं त्याचं म्हणणं. ते विचारत होते कुळाच्या मूळ पुरुषापासून कितवी. म्हातारा स्वतः विसाव्या पिढीच्याही पुढचा होता, आणि आता त्याच्यासमोर साक्षात खापर-खापर-खापरपणजोबा हाफ पँट घालून उभे होते. हशा ओसरल्यावर त्याने नोएलला बसवलं, चहा दिला आणि लाम हे आडनाव कसं लिहितात ते बोटाने टेबलावर काढून दाखवलं. एक झाड, शेजारी दुसरं झाड. बस. नोएलने ते दिवसभर काढून पाहिलं. ट्रेनच्या काचेवर, माझ्या घराच्या दारावर. सत्तरी ओलांडलेला माणूस पहिल्यांदा आपलं आडनाव चिनीत लिहीत होता.

त्या म्हाताऱ्यांनी नोएलकडचा पणजोबांचा एक फोटो मोबाइलवरून लाम लोकांच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकला. गंमत म्हणजे एक सोडून तीन गावांनी हा आमचाच म्हणून दावा सांगितला. प्रत्येक गावातून एकेक लाम सोन्याच्या डोंगरावर गेला होता. नोएल पार भंजाळला. "एका आठवड्यापूर्वी मला एकही गाव नव्हतं, दीप्स." मग त्यातल्या एका गावच्या घरात तोच फोटो भिंतीवर टांगलेला सापडला, तीच खुर्ची, तोच लांब झगा. तेव्हा गाव नक्की झालं.

गाव सापडलं आणि नोएल काका-पुतण्यांच्या जाळ्यात सापडला. या कुळात एका पिढीतल्या सगळ्यांच्या नावांत एक अक्षर सारखं ठेवतात, त्यामुळे वय काहीही असो, कोण कोणाचा काका ते नावावरूनच ठरतं. त्याच गावचा एक पोरगेला तरुण क्लेटनला बबल टीच्या दुकानात काम करतो. तो हॉलवर भेटायला आला, हिशोब झाला, आणि तो नोएलचा चुलत आजोबा निघाला. रीतीप्रमाणे नोएलने दोन्ही हातांनी चहाचा कप त्याच्यापुढे धरला. पोरगा लाजेने लालबुंद. "प्लीज डोन्ट," तो म्हणाला. "शटप अँड ड्रिंक इट, ग्रँडपा," नोएल म्हणाला.

त्याला इतकं खूश मी मॉरीन गेल्यानंतर पाहिलंच नव्हतं.

मग व्हिडिओ कॉल झाला. माझ्या ऑफिसात अकाउंट्सला असलेली जिंग त्याच भागातली, तिला मी दुभाषी म्हणून आमच्या स्वयंपाकघरात बसवलं. पडद्यावर फोटो सापडला त्या घरातला माणूस, नात्याने नोएलचा पुतण्या, साठीचा, हसरा, सोन्याचा दात. त्याने घर दाखवलं, कोंबड्या दाखवल्या, मग फोन घेऊन घरामागची टेकडी चढला आणि एका थडग्यापाशी थांबला. जिंग ऐकता ऐकता नोएलकडे बघायला लागली.

"काय म्हणतोय?" नोएलने विचारलं.

"म्हणतोय, हे तुमचे पणजोबा."

"सांग त्याला, पणजोबा इथे आहेत. मी दर वर्षी जातो."

जिंगने सांगितलं. पुतण्या हसला आणि समजावायला लागला. तिकडची रीत अशी होती की परदेशात मेलेल्या माणसाला तिथे पुरायचं ते तात्पुरतं. काही वर्षांनी हाडं काढायची, धुवायची, पेटीत भरून गावी पाठवायची, आणि गावच्या टेकडीवर पुरायची. परक्या मुलखात माणूस पडून राहणं म्हणजे वाईट. लाम मंडळींनी ते केलं होतं. "ते कधीच घरी आले," पुतण्या म्हणाला. "माझे वडील इथे झाडायला यायचे. आता मी येतो."

कॉल संपल्यावर नोएल ओट्यावरच्या भाज्या उगाच इकडून तिकडे सरकवत बसला. "ठीक आहे," शेवटी म्हणाला. "म्हणजे थडगं रिकामं आहे. चालेल. दगड तर आमचा आहे ना."

एप्रिलमध्ये आम्ही गेलो तेव्हा जिंगही आली. नोएल गाडीतून उतरून सरळ दगडाकडे गेला, गुडघ्यावर बसला आणि बोटाने अक्षरं चाचपू लागला. वरून खाली, पुन्हा वरून. त्याला येणारं एकच अक्षर तो शोधत होता. आम्ही डबे घेऊन पोचलो तेव्हा त्याने मान वर केली. "दीप्स, झाडं कुठे आहेत?"

जिंगने दगड वाचला. मग पुन्हा वाचला. मग माझ्याकडे बघितलं, जणू मी हे माझ्या तोंडाने सांगावं. हा माणूस लाम नव्हता. तो वाँग होता. गाव वेगळं, जिल्हासुद्धा वेगळा. आणि दगड शाबूत, माती बसलेली. त्याला कुणी उकरून गावी नेल्यासारखं दिसत नव्हतं. तो इथेच होता.

आजोबांनी हा दगड का दाखवला असेल? पणजोबांचं थडगं शेजारी असेल, हाडं गेल्यावर दगडही गेला असेल, आणि लहान मुलाच्या लक्षात राहिलेल्या कोपऱ्यात हा एकच उभा उरला असेल? की वाँग पणजोबांचा दोस्त होता, ज्याची हाडं न्यायला कुणीच नव्हतं, आणि त्याच्याकडे बघ असं सांगून ते गेले? मिलिंदचं मत पहिलं, जिंगचं दुसरं, माझं रोज बदलतं. सांगणारं कुणी उरलेलं नाही. नोएलला त्यात रसही नव्हता. तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होता. "मी तिला सांगितलं होतं, यू'र विथ फॅमिली. मी तिला एका परक्या माणसाच्या पायाशी टाकून आलोय."

मला वाटलं आपण काही शहाणपणाचं बोलावं. मी त्याला धर्मपिंडाबद्दल सांगितलं. आमच्याकडे श्राद्धात आपल्या माणसांची पिंडं झाली की एक पिंड ज्यांचं कुणी नाही, नाव-गोत्र माहीत नाही, अशांसाठी ठेवतात. म्हणजे तुमच्या चार पिढ्यांनी किती मोठं पुण्य...

"आय डोन्ट वाँट पुण्य," तो माझ्यावर ओरडला. आमच्या शेजारात तो माझ्यावर ओरडलेला तो एकच प्रसंग. "मला माझी माणसं हवी होती, दीप्स. तिलाही. तिला कुणी नव्हतं." मांसाचा डबा न उघडताच आम्ही परतलो. मला राग आला होता, आणि रागावर रडूही.

पुतण्याला जिंगने सगळं कळवलं. त्याने दुसऱ्याच दिवशी निरोप पाठवला. काकूंना इकडे आणा, टेकडीवर पणजोबांच्या शेजारी जागा आहे, तुमचीही वेळ येईल तेव्हा या. पूर्वी आणायचे तसंच. किती साधं होतं त्याच्या दृष्टीने! मॉरीनला न्यायला नोएलने स्प्रिंगव्हेलहून निळ्या नक्षीची झाकणाची बरणी आणली. पर्थहून लेक फोनवर म्हणाली, "डॅड, मम नेव्हर इव्हन लाइक्ड द हीट." नोएलने फोन ठेवून दिला. त्याची नजर अधू झाली होती, लायसन्स गेलं होतं, म्हणून दफनभूमीपर्यंत गाडी मी चालवली. मिलिंदला शिफ्ट होती.

पुढे लेकीने त्याला पर्थला नेलं. शेजारी आता वेगळे लोक आहेत, फोनवर नोएलला हल्ली नीट ऐकू येत नाही. पण मला तो आठवतो तो मे महिन्यातल्या, म्हणजे इथल्या थंडीच्या तोंडावरच्या, त्या गार दुपारचा. चिखल होता. त्याने गुडघ्याखाली पोतं घातलं, बरणी शेजारी ठेवली आणि जिथे तिला ओतलं होतं तिथे खुरपं घातलं. नुसती माती निघाली. अजून थोडं खाली, तरी माती, गवताची मुळं, एक गांडूळ. हाडं असती तर एकेक करून वेचता आली असती. राख पावसात, मुळांत, कुठे कुठे गेली होती कोण जाणे. त्याने मूठभर माती तळहातावर घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि बोटाने चिवडत राहिला. "कुठली मॉरीन आणि कुठला तो, मला काही कळत नाहीये, दीप्स," म्हणाला. मलाही कळत नव्हतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

मग त्याने ती मूठ परत खड्ड्यात सोडली, वरची माती लोटली आणि हाताने थापली. उठायला त्याला माझा आधार लागला. त्याने टोपी काढली, दगडाकडे बघितलं, मग खाली मातीकडे, पुन्हा दगडाकडे. पार्टीत दोन अनोळखी माणसांच्या मधे उभं राहावं तसा तो अवघडला होता.

"मॉरीन," घसा साफ करून तो म्हणाला, "हे मिस्टर वाँग. सॉरी लव्ह, तुमची ओळख करून द्यायची राहूनच गेली."